चांगुलपणाला नियमांची जोड

प्रस्तावना

शिंप्याचे दुकान, पिठाची गिरणी, खानावळ, छापखाना, मोटारी दुरुस्त करणारे गॅरेज, बेकरी असे लहान व्यवसाय प्रत्येक गावात आणि शहरात दिसतात. तेथे चार-आठ माणसे एकत्र राबतात. मालकही त्यांच्याबरोबर हात काळे करतो, त्यांच्याबरोबर चहा घेतो आणि अडीअडचणीला पैसे देतो. अशा ठिकाणी मालक आणि कामगार हे शब्दसुद्धा परके वाटतात. ‘आम्ही सगळे एका घरातलेच’ असे दोघेही म्हणतात.

परंतु एखाद्या दिवशी पगारावरून, रजेवरून किंवा एखाद्या चुकीवरून वाद होतो, आणि हे घरगुती नाते अपुरे पडते. काय ठरले होते, हे कोठेच लिहिलेले नसते. तक्रार कोणाकडे करावी, हे कामगाराला माहीत नसते. निर्णय कसा करावा, हे मालकालाही माहीत नसते. अशा वेळी न्याय मिळेल किंवा नाही, हे केवळ मालकाच्या स्वभावावर अवलंबून राहावे काय? प्रस्तुत पाठात याच प्रश्नाचा विचार केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :

- लहान व्यवसायातील मालक-कामगार संबंधांचे स्वरूप स्पष्ट करणे.
- कामाच्या ठिकाणचे तंटे सोडविणाऱ्या व्यवस्थांची माहिती सांगणे.
- न्याय्य निर्णयाच्या पायऱ्या क्रमाने लिहिणे.
- दोषारोप करणारी भाषा आणि वस्तुस्थिती सांगणारी भाषा यांतील भेद ओळखणे.
- कामाच्या ठिकाणी लागणारी साधी पत्रे तयार करणे.

मूळ पाठ

१. दूरच्या शहरातील आपली माणसे

सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव आणि कवठेमहांकाळ हे तालुके अवर्षणप्रवण म्हणून ओळखले जातात. पावसाच्या भरवशावर शेती करणाऱ्या येथील अनेक कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या एक वेगळी वाट धरली. जुने सोने-चांदी भट्टीत गाळून ते शुद्ध करण्याचा, म्हणजेच गलाईचा व्यवसाय घेऊन ही माणसे देशभर पसरली. महाराष्ट्राबाहेरच्या अनेक शहरांतील सराफ बाजारात विटा परिसरातून आलेल्या माणसाचे गलाईचे दुकान आढळते. तेथे स्थानिक भाषेत व्यवहार होतो. भट्टीजवळ मात्र मराठी बोलली जाते.

या व्यवसायात विश्वासाला फार मोठे मोल आहे. ज्याच्या हाती दुसऱ्याचे सोने द्यायचे, तो माणूस माहितीतलाच हवा. त्यामुळे मालक कामासाठी आपल्या गावचा, आपल्या नात्यातला मुलगा घेऊन येतो. मुलालाही अनोळखी शहरात जेवण, निवारा आणि धीर देणारे माणूस मिळते. हा परस्परविश्वास या व्यवसायाचे बळ आहे. परंतु जेथे नाते आधी आणि नोकरी नंतर येते, तेथे कामाच्या अटी स्पष्ट बोलण्याचा संकोच वाटतो. ‘आपल्याच माणसाशी कसला करार करायचा?’ असा विचार दोन्ही बाजूंना होतो, आणि वादाचे बीज येथेच पडते.

२. एक उदाहरण

समजा, दूरच्या एका शहरात असे एक दुकान आहे. तेथे सहा कारागीर काम करतात. त्यांपैकी एकाचा मासिक पगार १६,००० रुपये ठरला आहे. बहिणीच्या लग्नासाठी त्याने मालकाकडून उचल घेतली आहे. ऑक्टोबरच्या आरंभी तो आठ दिवसांची रजा घेऊन गावी जातो. तेथे त्याची आई आजारी पडते. तो दुकानातील वडीलधाऱ्या कारागिराला फोन करून तसे कळवितो. परंतु हा निरोप मालकापर्यंत पोहोचत नाही. दिवाळीचे दिवस तोंडावर आलेले असतात आणि दुकानात कामाची गर्दी असते. मालक दुसरा माणूस कामावर घेतो.

तेवीस दिवसांनी तो कारागीर परत येतो, तेव्हा मालक म्हणतो, “आता तुझी गरज नाही. हिशेब गावी गेल्यावर पाहू.”

कारागिराला ऑगस्ट आणि सप्टेंबर या दोन महिन्यांचा पगार, म्हणजे ३२,००० रुपये, मिळालेला नाही. मालक म्हणतो की, उचलीपैकी २४,००० रुपये अजून फिटायचे आहेत. कारागीर म्हणतो की, रात्रीचे जादा काम करून त्याने ८,००० रुपये आधीच फेडले आहेत, म्हणून केवळ १६,००० रुपये उरतात. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत आहे असे नाही. दोघेही आपापल्या आठवणीप्रमाणे बोलत आहेत. वही मात्र कोठेच नाही. हा वाद फोनवरून गावात पोहोचतो. ज्या दोन घरांत पिढ्यांचा घरोबा आहे, ती दोन घरे एकमेकांशी बोलेनाशी होतात.

३. माणूस एक, भूमिका अनेक

मोठ्या कारखान्यात कामगारांचे प्रश्न पाहण्यासाठी स्वतंत्र विभाग असतो. तेथे एक अधिकारी तक्रार करतो, दुसरा चौकशी करतो आणि तिसरा निर्णय देतो. लहान दुकानात ही सगळी कामे एकट्या मालकावर येऊन पडतात. ज्याचे नुकसान झाले तो मालकच, चूक पाहिली असे सांगणारा मालकच आणि शिक्षा ठरविणाराही मालकच. स्वतःच फिर्यादी, स्वतःच साक्षीदार आणि स्वतःच न्यायाधीश झालेल्या माणसाने निःपक्षपाती राहावे, ही अपेक्षा कठीण आहे. तो माणूस वाईट असतो असे नाही. त्याला ज्या जागी उभे केले आहे ती जागाच अवघड असते.

कामगाराची स्थिती त्याहून बिकट असते. त्याचा पगार, उचल, राहण्याची जागा आणि काही वेळा गावाकडची पत हे सारे एकाच माणसाच्या हाती असते. तक्रार केली तर नोकरी जाईल आणि राहण्याचे छप्परही जाईल, ही भीती त्याला गप्प बसविते. हे मौन मालक समाधान समजतो. म्हणून लहान व्यवसायातील वाद बराच काळ दिसत नाहीत, आणि दिसतात तेव्हा ते विकोपाला गेलेले असतात.

पाठगत प्रश्न १

(अ) कंसातील योग्य पर्याय निवडून वाक्ये पूर्ण करा.
१. गलाईच्या व्यवसायात ........ला फार मोठे मोल असते. (भांडवल / विश्वास / जाहिरात)
२. उदाहरणातील मालक आणि कारागीर यांच्यातील उचलीच्या हिशेबात ........ रुपयांचा फरक आहे. (८,००० / १६,००० / २४,०००)

(आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
१. लहान दुकानातील मालकाची जागा अवघड का असते?

४. तिसऱ्या माणसाची परंपरा

दोघांचे भांडण तिसऱ्या, विश्वासू माणसापुढे मांडण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. ‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हण त्याच रीतीतून आली. मात्र कामाच्या ठिकाणच्या तंट्यांत या रीतीला आधुनिक रूप मिळाले ते विसाव्या शतकात.

या संदर्भात अहमदाबादच्या गिरण्यांतील १९१८ सालचा लढा महत्त्वाचा आहे. प्लेगच्या साथीत कामगारांनी शहर सोडून जाऊ नये म्हणून गिरणीमालकांनी त्यांना जादा बोनस देण्यास सुरुवात केली होती. साथ ओसरल्यावर तो बंद करण्याचे ठरले. महागाई मात्र वाढलेली होती. कामगारांनी ५० टक्के वाढ मागितली. मालक २० टक्क्यांवर अडून राहिले. महात्मा गांधींनी परिस्थितीचा अभ्यास करून ३५ टक्के वाढ योग्य असल्याचे मत दिले. या लढ्यात मालकांच्या बाजूला अंबालाल साराभाई होते आणि कामगारांच्या बाजूला त्यांच्या सख्ख्या भगिनी अनसूयाबेन होत्या. मार्च महिन्यात गांधीजींनी उपवास केला आणि तीन दिवसांनी दोन्ही पक्षांनी लवादाचा मार्ग स्वीकारला. आनंदशंकर ध्रुव या विद्वानांना लवाद नेमण्यात आले आणि त्यांनी ३५ टक्के वाढीचा निर्णय दिला. पुढे १९२० मध्ये तेथे मजूर महाजन ही संघटना स्थापन झाली. एकाच घरातील भाऊ-बहीण समोरासमोर उभे राहिले, तरी तटस्थ माणसाच्या निर्णयाला दोन्ही पक्षांनी मान दिला.

मुंबई प्रांतात १९३४ मध्ये तंट्यांच्या समेटासाठी कायदा करण्यात आला. गिरणी कामगारांच्या हितावर लक्ष ठेवणारा सरकारी कामगार अधिकारी या कायद्याने नेमला गेला. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, औद्योगिक विवाद कायदा झाला आणि समेट अधिकारी हे पद देशभर परिचित झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० या नव्या कायद्याने घेतली आहे. समेट अधिकाऱ्याची व्यवस्था नव्या संहितेतही कायम आहे.

समेट अधिकारी आणि न्यायाधीश यांत फरक आहे. समेट अधिकारी निकाल देत नाही. तो दोन्ही बाजूंना बोलावतो, त्यांचे म्हणणे ऐकतो आणि त्यांनीच आपला मार्ग शोधावा म्हणून प्रयत्न करतो. समझोता झाला, तर तो लिहून त्यावर सह्या घेतल्या जातात आणि तो बंधनकारक ठरतो.

इतर देशांनीही असाच मार्ग शोधला आहे. ब्रिटनमध्ये १९७४ साली समेट आणि लवादाची एक स्वतंत्र सेवा स्थापन झाली. ‘अ‍ॅकास’ या नावाने ती ओळखली जाते. मालक असो वा कामगार, कोणालाही तेथे फोनवरून विनामूल्य सल्ला मिळतो. शिस्तभंग आणि तक्रारी कशा हाताळाव्यात, यासाठी या संस्थेने एक आचारसंहिता तयार केली आहे. मालकाने किंवा कामगाराने विनाकारण तिचे पालन केले नाही, तर तेथील न्यायाधिकरण भरपाईच्या रकमेत २५ टक्क्यांपर्यंत वाढ किंवा घट करू शकते. २०१४ पासून तेथे बहुतेक दाव्यांत न्यायाधिकरणाकडे जाण्यापूर्वी या सेवेला कळविणे आवश्यक झाले आहे. ज्या मालकाकडे सल्लागार नेमण्याची ऐपत नाही, त्याला अशा सेवेचा मोठा आधार होतो.

५. आजची व्यवस्था

भारतात लहान व्यवसायाला मदत करणाऱ्या व्यवस्था एकाच छताखाली नाहीत. पण त्या आहेत. त्यांची ओळख असणे मालकाच्या हिताचे आहे आणि कामगाराच्याही.

*कामगार कार्यालय.* वेतन संहिता, २०१९ हा कायदाही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. त्यानुसार मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत दिला पाहिजे. कामगाराला कामावरून काढले किंवा त्याने राजीनामा दिला, तर त्याचे देणे दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते केले पाहिजे. उचल वळती करता येते; परंतु कोणत्याही वेतनकाळातील एकूण कपात पगाराच्या निम्म्याहून अधिक असता कामा नये. पगार थकला, तर कामगाराला तीन वर्षांच्या आत नियुक्त प्राधिकाऱ्याकडे दावा करता येतो. या संहितेत तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याला निरीक्षकाबरोबरच सुलभकाचीही भूमिका दिली आहे. केवळ दोष शोधणे हे त्याचे काम नसून कायदा कसा पाळावा याविषयी मालक व कामगार या दोघांना सल्ला देणे हेही त्याचे काम आहे.

*तक्रार निवारण समिती.* वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत अशी समिती असणे औद्योगिक संबंध संहितेनुसार आवश्यक आहे. तिच्यात मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समान संख्येने असतात आणि एकूण सदस्य दहापेक्षा अधिक नसतात. अध्यक्षपद एक वर्ष मालकपक्षाकडे, तर पुढील वर्षी कामगारपक्षाकडे जाते. समितीने तक्रारीवरील काम तीस दिवसांत पूर्ण करावयाचे असते. सहा माणसांच्या दुकानाला हे बंधन नाही. पण दोन्ही बाजूंनी मिळून ऐकण्याचे तत्त्व तेथेही उपयोगी पडते.

*स्थानिक समिती.* कामाच्या ठिकाणी स्त्रियांचा लैंगिक छळ होऊ नये यासाठी २०१३ मध्ये कायदा झाला. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील, तर तेथे अंतर्गत समिती असावी लागते. त्याहून लहान ठिकाणी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. दोन-तीन जणींच्या शिवणवर्गातील स्त्रीलाही या कायद्याचे संरक्षण आहे.

*विधी सेवा प्राधिकरण.* १९८७ च्या कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात ही व्यवस्था असते. स्त्रिया, औद्योगिक कामगार आणि अन्य काही घटकांना तेथे विनामूल्य कायदेविषयक मदत मिळू शकते.

राज्याराज्यांतील नियमांत फरक असतो. म्हणून कामाच्या ठिकाणाजवळच्या कामगार कार्यालयात चौकशी करून घेणे श्रेयस्कर. महाराष्ट्रातून परराज्यात गेलेल्या कारागिरासाठीही, तो जेथे काम करतो तेथील कार्यालय हेच पहिले ठिकाण होय.

६. गाठ कशी सुटली?

आता पूर्वीच्या उदाहरणाकडे पाहू. समजा, तो कारागीर त्या शहरातील कामगार कार्यालयात गेला आणि अधिकाऱ्याने दोघांना समोरासमोर बसविले. अधिकाऱ्याने प्रथम कोण खरे आणि कोण खोटे हे विचारले नाही. कोणत्या गोष्टी दोघांनाही मान्य आहेत, हे त्याने विचारले. दोन महिन्यांचे काम झाले आहे, हे मालकाला मान्य होते. उचल घेतली आहे, हे कारागिराला मान्य होते. म्हणजे खरा वाद फक्त ८,००० रुपयांचा होता. इतका वेळ दोन्ही घरांना तो संपूर्ण इमानाचा वाद वाटत होता.

वडीलधाऱ्या कारागिराला विचारल्यावर, फोन आला होता पण गर्दीत निरोप द्यायचा राहिला, असे त्याने सांगितले. मालकाने ही गोष्ट प्रथमच ऐकली. वादातील रकमेचा निम्मा भार प्रत्येकाने सोसावा, असे ठरले. म्हणजे उचल २०,००० रुपये उरली. दोन महिन्यांच्या पगारातून निम्म्याहून अधिक कपात करता येत नसल्याने १६,००० रुपये कापले गेले आणि १६,००० रुपये कारागिराच्या हाती आले. उरलेले ४,००० रुपये दोन हप्त्यांत फेडावयाचे ठरले.

नोकरीचा प्रश्न मात्र इतक्या सहज सुटणारा नव्हता. नव्याने घेतलेल्या माणसाला एकाएकी काढणे हाही अन्यायच झाला असता. अखेरीस दुकानात पहिली जागा रिकामी होईल ती जुन्या कारागिराला द्यावी, असे लिहून दोघांनी सह्या केल्या. कोणाचेही मन पूर्णपणे भरले नाही. परंतु मालकाला मान खाली घालावी लागली नाही, कारागिराला हात पसरावे लागले नाहीत, आणि गावाकडील दोन घरांत पुन्हा जाणे-येणे सुरू झाले.

पाठगत प्रश्न २

(अ) जोड्या लावा.

‘अ’ गट : १. आनंदशंकर ध्रुव २. तक्रार निवारण समिती ३. स्थानिक समिती
‘ब’ गट : (क) दहापेक्षा कमी कर्मचाऱ्यांचे ठिकाण (ख) अहमदाबादचा लवाद (ग) वीस किंवा अधिक कामगार

(आ) चूक की बरोबर ते सांगा.
१. समेट अधिकारी निकाल देतो.
२. पगारातून उचल कितीही कापता येते.

७. न्यायाच्या चार पायऱ्या

बाहेरची मदत तंटा सोडविते. परंतु तंटा होऊच नये यासाठी मालकाला घरचीच तयारी करावी लागते. ती चार पायऱ्यांत सांगता येईल.

पहिली पायरी : आधी लिहा. कामावर घेतानाच काम, पगार, वेळ, साप्ताहिक सुटी, रजा आणि उचलीची परतफेड या गोष्टी एका कागदावर लिहून त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. पगाराची पावती द्यावी. उचलीसाठी छोटी वही ठेवावी आणि प्रत्येक नोंदीपुढे दोघांची सही असावी. शंभर पानी वही वादापेक्षा स्वस्त पडते.

दुसरी पायरी : आधी बोला. पहिल्या लहान चुकीला शिक्षा करण्यापेक्षा एकांतात बोलावे. सर्वांदेखत केलेला अपमान माणूस विसरत नाही; एकांतात दिलेली समज तो लक्षात ठेवतो.

तिसरी पायरी : आधी ऐका. गंभीर चूक घडली असे वाटले, तरी आरोप काय आहे हे सांगून कामगाराला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी. त्याला सहकारी बरोबर आणू द्यावा. ‘दुसरी बाजू ऐकल्यावाचून निर्णय नाही’ हे न्यायाचे मूलतत्त्व आहे.

चौथी पायरी : निर्णय लिहा आणि दाद मागू द्या. समान चुकीला समान निर्णय असावा. नात्यातल्याला एक माप आणि परक्याला दुसरे, असे होऊ नये. निर्णय मान्य नसेल, तर तो पुन्हा पाहणारे कोणीतरी असावे. भागीदार, व्यावसायिकांच्या संघटनेतील जाणता माणूस किंवा कामगार कार्यालय यांचा येथे उपयोग होतो.

या पायऱ्यांचा लाभ केवळ कामगारालाच होतो असे नव्हे. नियम असला की मालकावरचे ओझे हलके होते. रजा नाकारताना त्याला वाईटपणा घ्यावा लागत नाही आणि उचल मागताना भीड पडत नाही. चांगुलपणा मनात असतो; तो दुसऱ्याला दिसावा आणि दररोज सारखाच दिसावा यासाठी त्याला नियमांची जोड द्यावी लागते.

८. न्यायाची भाषा

पुढील दोन पत्रांतील मजकूर लक्षपूर्वक वाचा.

पहिले पत्र : “तू नेहमीच बेजबाबदारपणे वागतोस. कामचुकार माणसांची येथे गरज नाही. उद्यापासून येऊ नकोस.”

दुसरे पत्र : “आपली मंजूर रजा दि. ८ ऑक्टोबर रोजी संपली. दि. ९ ऑक्टोबरपासून आपण कामावर हजर नाही आणि रजा वाढवून मागणारा निरोप मला मिळालेला नाही. अनुपस्थितीचे कारण कृपया सात दिवसांत कळवावे. आपले म्हणणे ऐकल्यानंतरच पुढील निर्णय घेतला जाईल.”

पहिल्या पत्रात माणसाचा स्वभाव ठरवून टाकला आहे. ‘नेहमीच’ आणि ‘कामचुकार’ हे शब्द सिद्ध करता येत नाहीत. त्यांना उत्तरही देता येत नाही. दुसऱ्या पत्रात कृती आणि दिनांक आहेत. ‘निरोप आला नाही’ असे न म्हणता ‘निरोप मला मिळालेला नाही’ असे म्हटले आहे. म्हणजे निरोप वाटेत राहून गेला असण्याची शक्यता मोकळी ठेवली आहे. उदाहरणातील मालकाने हे एक पत्र पाठविले असते, तर फोनची हकीकत त्याला महिन्याभरापूर्वीच कळली असती. शब्द मोजून वापरणे हा केवळ लेखनाचा गुण नाही. समोरच्या माणसाला बोलण्यासाठी जागा देण्याची ती रीत आहे.

शब्दार्थ

चरितार्थ – उदरनिर्वाह
अवर्षणप्रवण – वारंवार कमी पाऊस पडणारा
उचल – पगारापूर्वी घेतलेली आगाऊ रक्कम
घरोबा – कुटुंबासारखे निकटचे संबंध
विकोपाला जाणे – फार वाढणे, हाताबाहेर जाणे
समेट – दोन्ही पक्षांच्या संमतीने वाद मिटविणे
लवाद – वादाचा निर्णय देण्यासाठी दोन्ही पक्षांनी मान्य केलेली त्रयस्थ व्यक्ती
आस्थापना – दुकान, कारखाना, कार्यालय असे कामाचे ठिकाण
सुलभक – काम सोपे व्हावे म्हणून मार्गदर्शन करणारा
भीड – संकोच

तुम्ही काय शिकलात?

- लहान व्यवसायातील जवळीक हे बळ असते. परंतु न लिहिलेल्या अटींमुळे तीच वादाचे कारण होते.
- तटस्थ तिसरी व्यक्ती मान्य गोष्टी आणि वादाच्या गोष्टी वेगळ्या करून दाखविते.
- कामगार कार्यालय, समेट अधिकारी, तक्रार निवारण समिती, स्थानिक समिती आणि विधी सेवा प्राधिकरण या उपलब्ध व्यवस्था आहेत.
- लिहिणे, बोलणे, ऐकणे आणि दाद मागू देणे या न्याय्य वागणुकीच्या पायऱ्या आहेत.
- न्याय्य भाषा माणसावर शिक्का मारीत नाही. घडलेली गोष्ट सांगते.

स्वाध्याय

१. ‘मालकाला ज्या जागी उभे केले आहे ती जागाच अवघड असते’, या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
२. समेट आणि लवाद यांतील फरक पाठातील उदाहरणांच्या आधारे लिहा.
३. ‘कोणाचेही मन पूर्णपणे भरले नाही’, तरीही झालेला समझोता योग्य होता असे तुम्हांला वाटते काय? सकारण लिहा.
४. पुढील वाक्ये वस्तुस्थिती सांगणाऱ्या भाषेत पुन्हा लिहा.
(अ) तुला वेळेची किंमतच नाही.
(आ) मालक नेहमी पैसे बुडवतो.
५. तुम्ही एका शिवणकामाच्या दुकानाचे मालक आहात अशी कल्पना करून नव्या कारागिरासाठी नियुक्तीपत्र तयार करा.
६. उपक्रम : तुमच्या जिल्ह्यातील कामगार कार्यालय कोठे आहे, याची माहिती मिळवा आणि ती तुमच्या अभ्यासगटातील इतरांना सांगा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) १. विश्वास २. ८,००० (आ) १. तक्रार करणारा, साक्ष देणारा आणि निर्णय करणारा तो स्वतःच असतो, म्हणून त्याची जागा अवघड असते.

प्रश्न २ : (अ) १ – ख, २ – ग, ३ – क (आ) १. चूक २. चूक